गो-टू दिलं, पण टार्गेट फ्रेममध्ये नाही: माउंटची चूक शोधायची कशी

ऑटोमॅटिक ॲस्ट्रोफोटोग्राफी करणाऱ्या सगळ्यांना कधी ना कधी हे भोगावं लागतंच. माउंट (दुर्बीण धरून मोटरने फिरवणारा स्टँड), कॅमेरा, लॅपटॉप सगळं जोडून झालं, पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे लावणं) झाली, सॉफ्टवेअरमध्ये ओरायन नेब्युला निवडून स्ल्यू (तिकडे वळायची आज्ञा) दिला, माउंट फिरून थांबला, आणि फोटोत आलं भलतंच आकाश. किंवा मग प्लेट सॉल्व्ह (फोटोतल्या ताऱ्यांवरून दुर्बीण कुठे बघतेय ते ओळखणं) होतंय, माउंट जरासा सरकतोय, परत सॉल्व्ह, परत सरकणं, आणि सेंटरिंग काही केल्या संपत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त जिवाला लागतो, कारण तेव्हा आपण झोपलेलो असतो: संध्याकाळपासून सगळं छान चाललेलं असतं, रात्री दोनला मेरिडियन फ्लिप (टार्गेटने मेरिडियन, म्हणजे डोक्यावरची उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडली की माउंट दुर्बिणीची बाजू पालटतो तो) होतो आणि तिथून पुढे पहाटेपर्यंतच्या सगळ्या फ्रेममध्ये टार्गेट अर्धं बाहेर.

अशा वेळी हाताला लागेल ते करून बघायचा मोह होतो, म्हणजे पोलर अलाइनमेंट परत, ड्रायव्हर परत इन्स्टॉल, दोन-चार वेळा सिंक (तू आत्ता इथे बघतोयस असं माउंटला सांगणं), कुठलातरी स्क्रू आवळ, आणि यातलं कशाने तरी चालू झालं तर नक्की कशाने झालं ते कळत नाही, त्यामुळे पुढच्या अमावास्येला तेच सगळं परत. माझं म्हणणं असं की काहीही फिरवायच्या आधी अर्धा तास फक्त चूक मोजा, कारण प्रत्येक बिघाडाची चूक वेगळ्या पद्धतीने वागते: काही चुका सगळीकडे सारख्या असतात, काही फ्लिपनंतर चिन्ह बदलतात, काही पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक असतात, आणि काहींना कसलाच नियम नसतो. ही वागणूक कळली की दोषी कोण ते जवळपास ठरतंच.

एक गोष्ट आधीच वेगळी काढून ठेवू. पॉइंटिंग म्हणजे सांगितलेल्या जागी जाऊन थांबणं. ट्रॅकिंग म्हणजे तिथे गेल्यावर आकाशाच्या गतीने, म्हणजे सेकंदाला साधारण १५ आर्कसेकंद (एका अंशाचे ६० आर्कमिनिट, एका आर्कमिनिटचे ६० आर्कसेकंद), तारा धरून ठेवणं. गायडिंग म्हणजे ट्रॅकिंगमधली उरलीसुरली चूक दुसऱ्या कॅमेऱ्याने बघून सतत सुधारत राहणं. तारे लांबट येत असतील तर तो ट्रॅकिंग नाहीतर गायडिंगचा विषय. या लेखात फक्त पॉइंटिंग.

आता माउंट टार्गेट शोधतो कसा ते बघू. आपल्याकडे जास्त दिसणारे एचईक्यू५ किंवा ईक्यू६-आर सारखे माउंट आकाश बघत नाहीत, ते डोळे मिटून पावलं मोजत चालणाऱ्या माणसासारखे असतात. चालू करताना ते धरून चालतात की आपण होम पोझिशनला आहोत, समतोलाची वजनं खाली, दुर्बिणीची नळी ध्रुवाकडे. तिथून पुढे स्टेपर मोटरला किती स्टेप दिल्या एवढाच हिशोब. मधे क्लच सैल करून नळी हाताने फिरवलीत तर त्यांना पत्ता लागत नाही. टार्गेटचा पत्ता असतो आरए आणि डेकमध्ये, म्हणजे आकाशातले रेखांश आणि अक्षांश. डेकचं गणित सरळ आहे, पण आरए आकाशाबरोबर फिरत असते, त्यामुळे आत्ता ती आरए कुठल्या दिशेला आहे हे काढायला माउंटला तारीख, वेळ, टाइम झोन आणि तुमच्या जागेचे रेखांश लागतात. म्हणजे चूक व्हायच्या जागा एवढ्याच: सुरुवातीची जागा चुकीची, वेळ-रेखांश चुकीचे, टार्गेटचा पत्ता चुकीच्या पद्धतीत, यंत्राची भूमिती वाकडी, किंवा मधेच कुठेतरी स्टेप सुटल्या नाहीतर काहीतरी घसरलं.

किती चूक चालते हे तुमच्या फ्रेमवर आहे. ४८० मिलिमीटरचा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) आणि त्यावर एपीएस-सी साइजचा आयएमएक्स५७१ सेन्सर असेल, ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल, तर फ्रेम साधारण २.८ अंश बाय १.९ अंश होते, तिथे २० आर्कमिनिट चुकलं तरी टार्गेट फोटोत असतंच, फक्त बाजूला. पण आठ इंची एससीटी (श्मिट-कॅसेग्रेन, आरशाची दुर्बीण), २०३२ मिलिमीटर फोकल लेंथ, आणि त्यावर छोटा चौकोनी आयएमएक्स५३३ लावला की अख्खी फ्रेमच १९ आर्कमिनिटची (पूर्ण चंद्र साधारण ३० आर्कमिनिटचा असतो, म्हणजे चंद्रसुद्धा मावत नाही). तीच २० मिनिटांची चूक (इथून पुढे चुकीची मिनिटं म्हणजे आर्कमिनिटच) इथे टार्गेट पूर्ण गायब करते. त्यामुळे मित्राच्या सेटअपवर जे चालतं ते तुमच्यावर चालेलच असं नाही, आणि एकाच माउंटवर नळी बदलली की जुनी चूक अचानक दिसायला लागते, चूक आधीपासून होतीच.

प्लेट सॉल्व्हिंगने या सगळ्यात क्रांती केली हे खरंच आहे. काही सेकंदाचा फोटो काढायचा, सॉफ्टवेअर त्यातल्या ताऱ्यांचे चार-चारचे गट करून त्यांच्या आपसातल्या अंतरांची प्रमाणं कॅटलॉगशी जुळवतं, आणि फोटोचा मध्य नक्की कुठे आहे ते आर्कसेकंदात सांगतं. ॲस्टॅप हा प्रोग्रॅम काय किंवा ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट ही वेबसाइट काय, मूळ कल्पना हीच. मग जितका फरक तितकं माउंटला सरकवायचं, झालं. पण याच सोयीमुळे खालची चूक तशीच दबून राहते. समजा माउंटला वेळ एक तास चुकीची दिलीय. प्लेट सॉल्व्ह करून सिंक केलंत की टार्गेट मधोमध येतं, सगळं बरोबर वाटतं, पण माउंटच्या मते नळी ज्या दिशेला आहे ती आणि खरी दिशा यात अजूनही १५ अंशांचा फरक आहे. परिणाम काय, तर फ्लिप तासभर आधी किंवा उशिरा होतो, होरायझन लिमिट (क्षितिजाजवळ थांबायच्या मर्यादा) चुकीच्या जागी लागतात, आणि उशिराचा प्रकार असेल तर नळी नाहीतर कॅमेरा ट्रायपॉडला जाऊन टेकू शकतो. म्हणून प्लेट सॉल्व्हिंगला औषधाच्या आधी मोजपट्टी म्हणून वापरा.

मोजायचं कसं? निना या फोटो घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लेट सॉल्व्हच्या खिडकीत सिंक आणि रिस्ल्यू दोन्ही बंद करता येतात. ते बंद करा, जुने अलाइनमेंट पॉइंट पुसून टाका, माउंट होमवरून नीट चालू करा. आता स्ल्यू द्या, तीन-चार सेकंदाचा फोटो, सॉल्व्ह, आणि आरएतला फरक आणि डेकमधला फरक चिन्हासकट वहीत लिहा. एकूण फरक नुसता लिहून उपयोग नाही, चिन्ह पाहिजे, कारण सगळी गंमत चिन्हात आहे. आरएचा आकडा आकाशातल्या खऱ्या अंतरात आणायला डेकच्या कोसाइनने गुणायचं, म्हणजे डेक ६० अंशाला आरएत २० मिनिटं चूक दिसली तर आकाशात ती १० मिनिटंच आहे.

पहिली टेस्ट परत येण्याची. एक तारा निवडा, स्ल्यू, सॉल्व्ह, लिहा. मग माउंटला ४०-५० अंश लांब पाठवा, परत त्याच ताऱ्यावर आणा, सॉल्व्ह, लिहा. असं दोन-तीनदा. चूक कितीही मोठी असू दे, पण दरवेळी तेवढीच आणि त्याच दिशेला आली तर आनंदाची गोष्ट, कारण यंत्र धड आहे आणि बिघाड आकड्यांत किंवा भूमितीत आहे. दरवेळी वेगळी आली तर पुढचं सगळं गणित बाजूला ठेवा आणि आधी मेकॅनिकल शोधा, कारण डगमगणाऱ्या माउंटची भूमिती मोजण्यात अर्थ नाही. आणि एका बाजूने आल्यावर एक आकडा, उलट बाजूने आल्यावर दुसरा, पण दोन्ही आपापल्या जागी पक्के, असं असेल तर तो बॅकलॅश. तो बहुधा डेकमध्ये दिसतो, आणि सेंटरिंग पुढे-मागे घुटमळत राहायचं ते एक नेहमीचं कारण आहे: माउंटला दोन मिनिटं उलट सरकायला सांगितलं, गिअरमधली मोकळी जागा भरण्यातच ती दोन मिनिटं गेली, नळी हललीच नाही.

मेकॅनिकलमध्ये मी आधी बघेन तो क्लच. पूर्ण लावलाय असं वाटतं पण लांब नळी आणि वर जड कॅमेरा असला की स्ल्यू थांबताना झटक्याने किंचित घसरतो. मग डव्हटेल, म्हणजे माउंटच्या सॅडलमध्ये बसणारी नळीखालची पट्टी: सॅडलचे स्क्रू आवळून झाले की नळीचं तोंड हलक्या हाताने धरून वर-खाली करून बघा, कुठे टक् असं जाणवलं तर तिथेच आहे. एससीटी असेल तर मुख्य आरसा बॅफल ट्यूबवर सरकतो, नळी पूर्वेकडून पश्चिमेला झुकली की प्रतिमा जागा बदलते, त्याला मिरर फ्लॉप म्हणतात, आणि ती माउंटची चूक नसून नळीची असते. फोकसरमध्ये जड कॅमेरा लोंबत असेल तर तेच. केबल अडकणं हे तर फारच कॉमन आहे, यूएसबीची वायर माउंटच्या बोल्टला अडकते, नळी थोडी ओढली जाते, वायर सुटते, आणि सकाळी बघायला पुरावा काहीच उरत नाही. म्हणून अंधार पडायच्या आधी माउंटला चारी दिशांना फिरवून वायरी कुठे ताणतात ते डोळ्याने बघून घ्यावं. ट्रायपॉडचे पाय मऊ मातीत असतील तर रात्रभरात बसतात, विशेषतः पावसाळा संपल्यानंतरच्या ओल्या शेतात, पायाखाली फरशीचे तुकडे ठेवले की काम होतं.

पॉवरबद्दल थोडं जास्त लिहितो कारण आपल्याकडे यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी घेऊन फिल्डवर जाणारे खूप आहेत. नुसती मोजली तर १२.४ दाखवणारी बॅटरी दोन्ही मोटर फुल स्पीडने फिरताना ११ च्या खाली जाऊ शकते, त्यात वायर बारीक आणि लांब असली तर माउंटपर्यंत पोचतात त्याहून कमी. स्टेपर मोटरला पुरेसा जोर मिळाला नाही की स्टेप सुटतात, माउंट मात्र समजतो की मी दिल्या म्हणजे फिरल्या. कधीकधी घर्रर्र असा आवाज येतो, कधी तोही नाही. मल्टिमीटर माउंटच्या टोकाला लावून स्ल्यू चालू असताना रीडिंग घ्या, थांबलेला असताना घेतलेलं रीडिंग काही सांगत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे स्ल्यूचा स्पीड कमी करणं, बॅलन्स नीट करणं. खरा उपाय चांगली बॅटरी आणि जाड, आखूड वायर.

परत येण्याच्या टेस्टमध्ये माउंट पास झाला असं धरू. आता वेळेकडे. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद फिरतं म्हणजे घड्याळ ४ सेकंद चुकलं की १ आर्कमिनिट, १ मिनिट चुकलं की १५, अर्धा तास चुकला की साडेसात अंश. साडेसातचा आकडा लक्षात ठेवा, कारण भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे आणि कुठेतरी टाइम झोन नुसता ५ किंवा ६ टाकला गेला की नेमकी तेवढीच चूक येते, फक्त आरएत, डेक अगदी बरोबर. झोन शून्यच राहिला तर ८२.५ अंश. हँड कंट्रोलरवर तारीख महिना-दिवस अशा क्रमाने मागतात, ५ मार्च हे ०५/०३ असं टाकलंत तर माउंटच्या दृष्टीने ३ मे झाला, ५९ दिवसांचा फरक, आकाश रोज जवळपास एक अंश पुढे जातं म्हणून साधारण ५८ अंशांची चूक. डेलाइट सेव्हिंग विचारलं की नो, आपल्याकडे ते नाही.

रेखांशात गंमत अशी होते की मोबाइलचा नकाशा दशांशात आकडा देतो आणि हँड कंट्रोलर अंश-मिनिटांत मागतो. कोल्हापूर ७४.२४ अंश पूर्व, म्हणजे ७४ अंश १४ मिनिटं, पण लोक ७४ अंश २४ मिनिटं टाकतात आणि आरएत सगळीकडे १० मिनिटांची चूक घेऊन बसतात. पूर्वच्या जागी पश्चिम राहून गेलं तर माउंट तुम्हाला पृथ्वीच्या पार पलीकडे समजतो. अक्षांशाची चूक मात्र इक्वेटोरियल माउंटवर तेवढी नडत नाही, पोलर अलाइनमेंट खऱ्या आकाशावर केलेली असेल तर तो आकडा मुख्यतः होरायझन लिमिटसाठी लागतो.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर इंडी हे माउंट-कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांवर बॅटरीवालं घड्याळच नसतं, इंटरनेट मिळालं तर वेळ घेतात, नाही मिळालं तर शेवटची साठवलेली वेळ धरून पुढे चालू करतात. घरी वायफायवर टेस्ट करताना सगळं नीट, आणि वेल्ह्याच्या पुढे रेंज नसलेल्या ठिकाणी गेलं की टार्गेट सापडत नाही, त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. छोटं आरटीसी (घड्याळाचं) मॉड्यूल नाहीतर यूएसबी जीपीएस लावलं की प्रश्न मिटतो. लॅपटॉपवरही वेळ कोणाची मानायची ते एकदा ठरवा: ड्रायव्हरची, हँड कंट्रोलरची की निनाची. तिघांनी तीन वेगळ्या जागा आणि वेळा धरल्या तर फ्लिपच्या वेळी भांडण लागतंच, सॉफ्टवेअर म्हणतं टार्गेट मेरिडियन ओलांडून गेलं, माउंट म्हणतो अजून नाही, आणि फ्लिपची कमांड मिळूनही तो होता त्याच बाजूला परत येऊन थांबतो.

पुढचा संशयित म्हणजे जे२००० आणि जे-नाऊ. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा जवळपास २६,००० वर्षांत एक फेरी मारतो, त्यामुळे आरए-डेकची सगळी जाळी वर्षाला सुमारे ५० आर्कसेकंद सरकते. कॅटलॉग बहुतेक २००० सालच्या जाळीत असतात, ते जे२०००, आणि बरेच माउंट आजच्या तारखेच्या जाळीत चालतात, ते जे-नाऊ. २०२६ धरलं तर २६ वर्षांत हा फरक जास्तीत जास्त २२ आर्कमिनिटच्या आसपास झालाय. ॲस्कॉम ड्रायव्हर (माउंट आणि सॉफ्टवेअर यांच्यातला दुवा) स्वतः सांगतो की मी कुठली जाळी वापरतो, आणि निना त्याप्रमाणे आकडे बदलून पाठवतं, पण ड्रायव्हरने "इतर" असं मोघम सांगितलं, किंवा तुम्ही सेटिंग हाताने बदललंत, किंवा प्लॅनेटेरियममधून जे-नाऊचे आकडे कॉपी करून जे२००० च्या रकान्यात टाकलेत, की गोंधळ. याची ओळख सोपी आहे: ओरायन नेब्युलाला चूक जवळजवळ सगळी आरएत येते, १९ मिनिटं, डेकमध्ये जेमतेम १ मिनिट. त्याच रात्री देवयानी दीर्घिकेवर गेलात तर आरएच्या दिशेने १६ आणि डेकमध्ये साडेआठ. म्हणजे एकूण चूक १८-१९ च्या घरातच, दिशा मात्र टार्गेटप्रमाणे बदलते. असा पॅटर्न दिसला तर पाना-स्क्रूड्रायव्हरला हात लावायचं कारण नाही, सगळं सेटिंगमध्ये आहे.

आता भूमिती, आणि मला यातलीच सगळ्यात जास्त आवडणारी टेस्ट. डेक शून्याच्या आसपासचे दोन तारे घ्या, एक मेरिडियनच्या अर्धा-पाऊण तास पूर्वेला, एक तेवढाच पश्चिमेला. माउंट आपोआप एकाला एका बाजूने आणि दुसऱ्याला फ्लिप करून बघेल. सिंक बंदच. समजा पूर्वेच्या ताऱ्यावर आरएत +३४ मिनिटं आणि डेकमध्ये +४१ आली, पश्चिमेच्या ताऱ्यावर आरएत +१० आणि डेकमध्ये −३७. आरएची सरासरी २२, ही दोन्ही बाजूंना सारखीच असलेली चूक, म्हणजे होम पोझिशनची आरए बाजू नाहीतर वेळ-रेखांश. निम्मा फरक १२, ही फ्लिपने चिन्ह बदलणारी चूक, म्हणजे कोन एरर (इंग्रजी cone): नळी डेकच्या अक्षाला पूर्ण काटकोनात नाही, सॅडलमध्ये किंचित तिरकी बसलीय. डेककडे बघा, निम्मा फरक ३९, म्हणजे होमला नळी ९० अंशावर नव्हती, ३९ मिनिटं बाजूला होती, आणि सरासरी +२, ती पोलर अलाइनमेंटच्या उंचीतली. चार आकड्यांत चार वेगळे दोष सुटे झाले. डेक शून्य आणि मेरिडियनजवळ यासाठी की तिथे पोलर अलाइनमेंटची डावी-उजवी चूक जवळजवळ लुडबुड करत नाही.

यातली होमची चूक बघून घाबरायचं कारण नाही. नजरेने होम लावला तर अर्धा-एक अंश चुकणारच, पहिला स्ल्यू तेवढा चुकला तर ते नॉर्मल आहे. पहिल्या सिंकनंतरही जवळच्याच टार्गेटला अर्धा अंश चुकत असेल तर मात्र शोधायला हवं. होम एकदा स्पिरिट लेव्हल आणि प्लेट सॉल्व्ह वापरून नीट लावून अक्षांवर मार्करने खूण केली की पुढच्या वेळी दोन मिनिटांत होतं. कोन एररसाठी काही डव्हटेलवर छोटे स्क्रू असतात, नसतील तर रिंगखाली पातळ पत्र्याची शिम घालतात. १०-१२ मिनिटांची कोन एरर मी तरी तशीच सोडेन, कारण फ्लिपनंतर परत प्लेट सॉल्व्ह करून सेंटर करणार असाल तर तिचा त्रास नाही. एक अंशाची असेल तर मात्र काढा, ध्रुवाजवळच्या टार्गेटला ती फार छळते.

पोलर अलाइनमेंटवर वाजवीपेक्षा जास्त खापर फुटतं. ती ५ मिनिटं चुकली तर पॉइंटिंगही साधारण ५ मिनिटंच चुकतं, त्यामुळे अर्ध्या-एक अंशाच्या चुकीसाठी तिला दोष द्यायचा तर ती अलाइनमेंट फारच बिघडलेली असायला हवी. तिची खूण म्हणजे डेकमधली चूक आकाशाच्या बाजूप्रमाणे हळूहळू बदलते. मेरिडियनवर शून्य आणि पूर्व-पश्चिमेला उलटसुलट चिन्हं असतील तर माउंट डावीकडे-उजवीकडे फिरलेला आहे, मेरिडियनवर जास्त आणि पूर्व-पश्चिम क्षितिजाकडे कमी असेल तर उंची चुकलीय.

महाराष्ट्रातून अडचण ही की ध्रुव फार खाली आहे. पुण्याहून १८.५ अंश, नागपूरहून २१. युरोप-अमेरिकेतल्या व्हिडिओत ध्रुवतारा ४०-५० अंशांवर मस्त चमकताना दिसतो, आपल्याकडे तो धुरक्यात, डोंगराच्या कडेला, किंवा शेजारच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीमागे. त्यावर निनाचं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट हे प्लगइन फार कामाचं आहे, आकाशात कुठेही आरएमध्ये तीन ठिकाणी फोटो काढून सॉल्व्ह करतं आणि अक्ष कुठे बघतोय ते काढतं, ध्रुवतारा दिसायची गरजच नाही. शिवाय वातावरणाच्या वक्रीभवनामुळे १८.५ अंशांवरची वस्तू खऱ्यापेक्षा साधारण ३ आर्कमिनिट वर दिसते, त्यामुळे खरा ध्रुव आणि दिसणारा ध्रुव यात आपल्याकडे तेवढा फरक असतो. एका साधनाने शून्य दाखवलं आणि दुसऱ्याने ३ मिनिटं, तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ३ मिनिटांमुळे तारा जास्तीत जास्त मिनिटाला ०.८ आर्कसेकंद सरकतो, गायडिंग ते सहज सांभाळतं. दक्षिणेकडच्या टार्गेटलाही वक्रीभवन लागू आहेच: नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी पुण्याहून जास्तीत जास्त २४ अंश चढतो, तिथे २ मिनिटांच्या वर, आणि नौकातलातला कॅरिना नेब्युला १२ अंशांवर, तिथे ४ च्या वर. खालच्या टार्गेटलाच तेवढं चुकत असेल तर ती चूक वातावरणाची आहे.

सिंकबद्दल एक सावधगिरी. इक्यूमॉडसारख्या ड्रायव्हरमध्ये प्रत्येक सिंक हा नवीन अलाइनमेंट पॉइंट म्हणून साठवला जाऊ शकतो. आठ-दहा पॉइंट साठले, त्यातले काही फ्लिपच्या आधीचे, काही नंतरचे, एखादा ढगातून चुकीचा सॉल्व्ह झालेला, की माउंट या सगळ्यांची मधली वाट काढायला जातो आणि सेंटरिंग जवळ यायच्या ऐवजी लांब जायला लागतं. निनाबरोबर वापरताना डायलॉग बेस्ड हा मोड ठेवून जुने पॉइंट पुसून टाकलेले बरे. एखादा ड्रायव्हर सिंक नीट घेतच नसेल तर निनामध्ये सिंक न करता फक्त ऑफसेट देऊन सेंटर करायचा पर्याय आहे, तो वापरा.

कधी माउंट निर्दोष असतो आणि सॉल्व्हच होत नाही. ॲस्टॅपला फ्रेमचा आकार जवळपास बरोबर लागतो, त्यामुळे रिड्यूसर (फोकल लेंथ कमी करणारं भिंग) लावून फोकल लेंथ जुनीच राहिली की तो फेल. ०.६३ रिड्यूसरने २०३२ चे १२८० होतात हे विसरायला होतंच. बिनिंग (पिक्सेल एकत्र करणं), फोकस, आणि स्टार डेटाबेस डाउनलोड केलाय का हेही बघा. यावर सोपा उपाय म्हणजे एक फोटो ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवर चढवा, त्याला काहीच आधी सांगावं लागत नाही, तो पिक्सेल स्केल सांगेल, मग २०६.२६५ गुणिले पिक्सेलचे मायक्रॉन भागिले ते स्केल, ही तुमची खरी फोकल लेंथ. आणि सॉल्व्ह मुख्य कॅमेऱ्यानेच करा, गाइडस्कोपच्या (गायडिंगच्या छोट्या दुर्बिणीच्या) कॅमेऱ्याने केलंत तर टार्गेट गाइडस्कोपच्या मध्यावर येईल, मुख्य नळी दुसरीकडेच बघत असेल.

मोठ्या वेधशाळांमध्येही हे सगळे दोष असतातच, पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेच्या गिरवली इथल्या २ मीटर दुर्बिणीएवढ्या यंत्रालाही नळी वाकणं, अक्ष काटकोनात नसणं चुकत नाही. तिथे आकाशभर तारे मोजून त्या चुकांचं गणिती मॉडेल बनवतात आणि प्रत्येक स्ल्यूला तेवढं आधीच वजा करतात. पॅट्रिक वॉलेस यांचं टीपॉइंट हे त्या कामाचं गाजलेलं सॉफ्टवेअर, त्यात कोन एरर, पोलर अक्षाच्या दोन चुका, नळीचा वाक यांना प्रत्येकी स्वतंत्र पद आहे, म्हणजे वर आपण चार आकड्यांतून केलं तेच, खूप जास्त बारकाईने. गच्चीवर कायमचा पिअर (माउंटसाठी पक्का खांब) असेल तर असं मॉडेल बनवण्यात मजा आहे. दर वेळी गाडीतून सामान नेऊन परत आणणाऱ्याने त्यात रात्र घालवू नये असं मला वाटतं, कारण पुढच्या वेळी सगळं नव्याने बसणार आहे.

सेंटरिंगची मर्यादाही फ्रेम बघून ठरवा. निना १ आर्कमिनिट धरतं, ४८० मिलिमीटरला ते भरपूर आहे, तिथे १० आर्कसेकंदांचा हट्ट धरलात तर बॅकलॅशमुळे माउंट घुटमळत बसेल आणि अंधाराचा वेळ वाया जाईल. फ्लिपनंतर सेंटर करणं चालू ठेवा, आणि लांब फोकल लेंथ असेल तर मधेच फ्रेम सरकली की परत सेंटर करणारा ट्रिगरही. निना प्रत्येक सॉल्व्हचा निकाल लॉगमध्ये लिहितं, सकाळी चहा घेताना फ्लिपच्या आधीचे आणि नंतरचे आकडे काढून त्याच वहीत उतरवून ठेवा. फ्लिपनंतरचा फरक दर रात्री तेवढाच असेल तर तो तुमच्या नळीचा स्वभाव आहे, सॉफ्टवेअर सांभाळतंय, राहू द्या. तोच आकडा रात्रीगणिक वाढत चालला असेल तर कुठलातरी स्क्रू हळूहळू सुटतोय, आणि पुढच्या वेळी बाहेर पडायच्या आधी तो घरच्या उजेडात शोधायचा.